एकाच गळ्याचे दोन धनी

एहसान शेखचा आवाज ज्यांनी कारखान्याच्या शेडमध्ये ऐकला आहे, ते तो विसरत नाहीत. डोळ्यांसमोर आणा: पत्र्याची लांबलचक रिकामी शेड, मधोमध चाळीस-पन्नास टनांचं लोखंडी धूड, त्याच्या बुडाशी पहारी लावून उभी चौदा माणसं. आणि एका अंगाला हा पंचेचाळिशीतला, बुटका, पोट सुटू लागलेला गृहस्थ. तोंड उघडेपर्यंत त्याच्याकडं कुणाचं लक्षही जाऊ नये. मग एकदम, "लाऽऽव पहार... घेऽऽ दम... माऽऽर!" पत्रे झणझणतात, चौदा जण एका तोंडानं "हैशा!" म्हणतात आणि ते धूड खालच्या लोखंडी नळ्यांवरून बोटभर पुढं सरकतं. बोटभरच. पण असं बोट बोट करत या माणसानं भोसरी, चाकण, तळेगावच्या कितीतरी कारखान्यांची यंत्रं जागची हलवली आणि नव्या जागी बसवली.

धंदा वडिलांचा, करीमशेठचा. करीमशेठनी तो एका भाड्याच्या चेनपुलीवर सुरू केला. आता त्यांच्या क्रेन आहेत, ट्रेलर आहेत, प्राधिकरणात तीन मजली बंगला आहे आणि बंगल्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरतात. पण क्रेन शेडच्या दारापर्यंतच जाते. आत, खांबांच्या गर्दीत, अजूनही नळ्या, पहारी आणि माणसंच लागतात. आणि तिथं करीमशेठचे दोन नियम चालतात.

पहिला नियम, आवाज एकच. काम चालू असताना दुसऱ्या कुणी "थांब" म्हणायचं नाही, "सांभाळ" म्हणायचं नाही, अगदी "या अल्ला"सुद्धा मनातल्या मनात. दुसरा नियम, आवाज मालकानं द्यायचा आणि तोही पडत्या बाजूला उभं राहून. यंत्र कलंडलंच तर ज्या अंगाला येईल, ती पडती बाजू. मालक स्वतः तिथं उभा आहे म्हटल्यावर गँगमधला माणूस निर्धास्तपणे पहारीवर वजन टाकतो. दुसऱ्या कंपन्यांकडं यंत्रं मोठी असतील, पण मालक पडत्या बाजूला उभा राहतो तो फक्त करीमशेठच्या घरचा, असं लोक सांगत.

हा पहिला नियम एकदाच मोडला. सव्वीस वर्षांपूर्वी, भोसरीत. मागं उभ्या असलेल्या कुणा मॅनेजरनं घाबरून "थांबा!" अशी आरोळी ठोकली. निम्मी माणसं थांबली, निम्म्यांनी रेटा दिला, नळी सटकली आणि करीमशेठचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

तेव्हा एहसान एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायचा. त्याचं गाणं ऐकून पुण्याच्या एका बुजुर्ग गवयांनी "माझ्याकडं पाठवा याला" असा निरोप धाडला होता. निरोप आला त्याच आठवड्यात पाय गेला. धाकटा आमिर सहा वर्षांचा. एहसानला कुणी काही विचारलं नाही, त्यानंही कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या कामाला तो पडत्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं. गँगचा मुकादम धम्मरत्न, जालन्याकडून आलेला तरणाबांड गडी, त्या दिवशी म्हणाला होता, "शेठ, पाय गेला तुमचा, पर गळा घरातच ऱ्हायला बघा."

झालं. गळा घरचा झाला.

अकरा वर्षांपूर्वी तो गळा फाटला. दोन-दोन दिवस शब्द उमटेना. चिंचवडच्या डॉक्टरांनी आत गाठीसारखी सूज दाखवली आणि वर सल्ला दिला, "ओरडायचंच असेल तर नीट ओरडायला शिका. एखाद्या गाण्याच्या बाईंकडं जा, आवाज कसा लावायचा ते त्या शिकवतील." धंद्याचं काम म्हणून एहसान अरुंधतीबाईंच्या दारात गेला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका, चिंचवडगावात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांनी त्याला तंबोऱ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "लावा सा." त्यानं सा लावला. बाईंनी पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "उद्या सहा वाजता या. पावणेसहाला आलात तरी मी उठलेली असते."

तेव्हापासून सकाळी सहा ते सात एहसान कुणाचाच नव्हता. ना करीमशेठचा मुलगा, ना कंपनीचा मालक. घरी वाटायचं तो चालायला जातो. फक्त त्याच्या बायकोला, रुक्सानाला ठाऊक होतं. कारण चालून आलेल्या माणसाचे बूट इतके कोरे कसे राहतील?

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी. या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आणि कारखाना बंद असतो तेव्हाच यंत्र हलवता येतं. म्हणजे सगळ्या गावाची सुट्टी तो एहसानचा खरा कामाचा दिवस. गुरुवारी पहाटे तो बाईंकडं जायचा नाही, आणि शुक्रवारी गेला तर घोगरा. "सर्दी झालीय बाई," एवढं सांगायचा. कारखानदार माणूस आहे, कामावर ओरडावं लागतं, एवढंच त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यामुळं बाईंनी अकरा वर्षं धरून चाललं होतं, की गुरुवारी सुट्टी, म्हणून हा उशिरापर्यंत झोपतो!

बाईंच्या शिष्यांची वर्षातून एकदा घरगुती बैठक व्हायची. एहसान दरवर्षी मागं बसून ऐकायचा. गायला सांगितलं की पाणी आणायला उठायचा. यंदा बाईंनी त्याला पकडलंच.

"हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "गुडघे संपले माझे. पुढच्या महिन्यात लेक मला बंगळूरला नेतेय. तू गायचंस. यमन, वीस मिनिटं. आणि बरं का, दरवर्षीचा रविवार मी बदललाय. सगळ्यांना फोन केले. गुरुवारी संध्याकाळी सहाला. तुझी सुट्टी, तुझ्या कामगारांची सुट्टी. त्यांनाही आण. आपला मालक काय करतो ते बघू देत की."

बाईंचा चेहरा असा फुलला होता, की एहसानच्या तोंडून "बाई, गुरुवारी माझं..." एवढंसुद्धा बाहेर पडलं नाही. तो जिना उतरला. खाली गाडीत बसला तेव्हा त्याला आठवलं, त्याच गुरुवारी चाकणला वर्षातलं सर्वांत मोठं काम होतं. पत्रा दाबणारी एक पंचेचाळीस टनांची जुनी प्रेस शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची होती, शुक्रवारी पहिल्या शिफ्टला ती चालू व्हायला हवी होती. सकाळी सातपासून आवाज द्यायचा. आणि डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात बजावलं होतं, सूज पुन्हा आहे, एक अख्खा दिवस ओरडलात तर चार दिवस मौनव्रत समजा.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला त्यानं विषय काढला. मोठं शिसवी टेबल, टोकाला करीमशेठ, शहात्तर वर्षांचे. नकली पाय काढून बाजूच्या खुर्चीला टेकवलेला. समोर आमिर, पुण्यात एमबीए करून आलेला, ताटाशेजारी फोन.

"अब्बा, या गुरुवारी आवाज मी देणार नाही."

"घसा बसलाय?"

"नाही. बसू नये म्हणून. संध्याकाळी मला गायचंय."

करीमशेठनी घास परत ताटात ठेवला. "काय करायचंय?"

"गायचंय. अकरा वर्षं शिकतोय. चिंचवडला."

"अच्छा! म्हणजे सकाळचं चालणं ते हे होय. अरे, डोक्यावर केस किती राहिलेत ते बघितलंस का? नातवंडं खेळवायच्या वयात सा रे ग म!"

"भाईजान गातात?" आमिर फोन विसरला. "खरंच? ऐकवा ना!"

"तू गप, गाण्याचं सोड," करीमशेठ म्हणाले. "तुझं काय म्हणणं आहे या कामाबद्दल ते सांग."

"माझं म्हणणं कधीपासूनचं आहे. वॉकीटॉकी घ्या, हायड्रॉलिक घ्या. ओरडायचं कशाला?"

"आणि पडत्या बाजूला वॉकीटॉकी उभा राहील?"

आमिरनं फोन पालथा घातला. "मी राहतो," तो म्हणाला. पण आवाज इतका बारीक होता, की त्याचं त्यालाच हसू आलं. "राहीन म्हणजे... मला भीती वाटते, अब्बा. खोटं कशाला बोलू?"

"ऐकलंस?" करीमशेठ एहसानकडं वळले. "चौदा घरं त्या आवाजावर पहार उचलतात. माझा पाय त्या जागेवर पडलाय. आणि तुला वीस माणसांसमोर वाहवा घ्यायचीय. मग माझा पाय फुकटच गेला म्हणायचा."

हे वाक्य घरात नवं नव्हतं. दर काही वर्षांनी यायचं आणि आलं की सगळे माना खाली घालायचे. या वेळी आमटी वाढता वाढता रुक्साना थांबली. सून म्हणून आली त्याला बावीस वर्षं झाली होती, सासऱ्यासमोर ती कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आताही नाही.

"अब्बा, तुमचा एक गेला," ती म्हणाली. "यांचे दोन्ही तिथंच रोवलेत."

करीमशेठनी पाय ओढून घेतला, पट्टे आवळले आणि उठले. दारातून न वळता म्हणाले, "गुरुवारी सात वाजता, चाकण. पडत्या बाजूला कोण उभं राहतंय ते बघू."

एहसाननं दोन दिवस विचार केला. त्यात विचार करण्यासारखं खरं म्हणजे काही नव्हतं. चौदा माणसं पहारीवर छाती टेकणार आणि आपण घरात गरम पाण्याच्या गुळण्या करत बसणार, हे चित्र त्याला स्वतःलाच बघवेना. बुधवारी त्यानं बाईंना फोन लावला.

"बाई, उद्या मला जमणार नाही. गुरुवारी माझं काम असतं. नेहमीच असतं. यंत्रं हलवतो आम्ही, कारखाने बंद असतात तेव्हा. दिवसभर ओरडतो मी."

"म्हणजे अकरा वर्षं ती शुक्रवारची सर्दी..."

"सर्दी नव्हती बाई."

"अरे वेड्या," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या की त्यांना भरून आलं होतं, ते फोनवर कळेना. "आणि मी तुला दर शुक्रवारी आल्याचा काढा पाजत होते. यायचं तर ये, नाहीतर येऊ नकोस. नुसता बसायला आलास तरी चालेल. पण मला पुन्हा सर्दी सांगू नकोस."

गुरुवारी पावणेसातला तो चाकणच्या शेडमध्ये शिरला. मनाची तयारी झाली होती. आवाज द्यायचा, काम करायचं, संध्याकाळी मागच्या रांगेत बसायचं. आणि समोर बघतो तर पडत्या बाजूला कुणीतरी आधीच उभं होतं. पांढरा कुडता, वर पिवळं जाकीट, डोक्यावर कंपनीचं हेल्मेट, हातात काठी. करीमशेठ. सव्वीस वर्षांनी.

त्यांच्यासमोर कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसर मंजुषा मॅडम हात जोडून उभ्या होत्या. "काका, तिथं कुणीच उभं राहायचं नाही. माझी नोकरी जाईल."

"मॅडम, मी इथून हललो तर ही पोरं पहार उचलायची नाहीत. विचारा."

मंजुषा मॅडमनी गँगकडं बघितलं. धम्मरत्ननं वर पत्र्यांकडं बघितलं. शेवटी मॅडमनी पिवळी पट्टी स्वतःच्या हातानं यंत्रापासून सहा पावलं मागं चिकटवली आणि म्हणाल्या, "याच्या पुढं एक बोटही नाही. मोजून."

"अब्बा, हे काय?" एहसाननं विचारलं. त्याला वाटलं, हा टोमणाच आहे, चौदा जणांसमोर मारलेला. "व्हा बाजूला. मी आलोय ना."

"नियम काय आहे? आवाज मालकानं द्यायचा. मालक अजून मीच आहे, मेलेलो नाही."

"तुम्हाला झेपणार नाही."

"तुझ्यापुढं मी वाद घालायला उभा नाही. राहायचं तर शेजारी राहा. तोंड मिटून."

आणि त्यांनी आवाज दिला. तो आवाज म्हणजे जुन्या कापडासारखा, विरलेला, कडांना सुटलेला. पहिल्या दोन हाकांना मागच्या चौघांना ऐकूच आलं नाही. धम्मरत्ननं मान वळवून एहसानकडं पाहिलं. एहसाननं नजर खाली घातली. तिसऱ्या हाकेला गँगनं कान दिले. म्हाताऱ्याच्या आवाजासाठी शेडमधले पंखे बंद केले, ट्रेलरचं इंजिन बंद केलं. इतकी शांतता की पहारीखाली सिमेंटचा खडा फुटला तरी कळावा. त्या शांततेत बोट बोट करत प्रेस सरकू लागली. घामानं डबडबलेले करीमशेठ, त्यांच्या खांद्याशी तोंड मिटून उभा एहसान, आणि त्यांच्या बरंच मागं, कुणी बोलावलं नसताना आलेला आमिर.

दुपारी दोनच्या सुमारास शेवटचा दीड हात राहिला. सिमेंटच्या नव्या चौथऱ्यावर चढवताना मागची एक नळी तिरकी झाली. प्रेसनं किंचित मान कलती केली, पडत्या बाजूला. अशा वेळी करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. दम धरायचा, "सोड" म्हटलं की सगळ्यांनी मिळून हळूच सोडायचं. करीमशेठनी "घेऽऽ दम" म्हटलं. चौदा माणसांनी वजन पहारीवर घेतलं. आणि करीमशेठना खोकला आला.

साधा नाही, कमरेत वाकवणारा खोकला. शब्द फुटेना. चौदा माणसं श्वास कोंडून उभी. मानेच्या शिरा तटतटलेल्या. धम्मरत्नचे डोळे एहसानवर. सगळ्यांचेच डोळे त्याच्यावर. एकच शब्द हवा होता आणि तो शब्द, गेली सव्वीस वर्षं ज्या गळ्यातून आला, तो गळा तिथं दीड हातावर होता, विश्रांती घेतलेला, स्वच्छ, तयार.

एहसाननं तोंड उघडलं.

आणि मिटलं. आज आवाज अब्बांचा होता. सकाळपासून चौदा जणांचे कान त्या एकाच विरलेल्या आवाजाला लागलेले. आता आपण बोललो तर निम्मे आपल्या शब्दावर सोडतील, निम्मे त्यांच्या शब्दासाठी धरून ठेवतील. भोसरीत झालं ते असंच झालं होतं. त्यानं फक्त वडिलांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तो तिथंच उभा राहिला, सावलीत त्या कललेल्या लोखंडाच्या. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं. गप्प राहण्याचं.

चार श्वास. पाच. करीमशेठनी मान वर केली आणि फुटक्या आवाजात म्हणाले, "सोऽऽड... हळू." चौदा जणांनी सोडलं. प्रेस धप्पकन नाही, अलगद, चौथऱ्यावर बसली.

मंजुषा मॅडम पट्टीमागं खालीच बसल्या. धम्मरत्न पहार टाकून आला, एहसानच्या कानाशी म्हणाला, "मालक, तुमी ब्रही काढला असता ना, तर आज संपलोच होतो आमी." करीमशेठ स्टुलावर बसून पाणी पीत होते. घसा पुरता गेला होता, पुटपुटल्यासारखं बोलले.

"तू बोलला नाहीस."

"आवाज एकच, अब्बा."

करीमशेठ काठी टेकत उठले. मग आमिरला खूण करून गाडी काढायला लावली. "चिंचवड," एवढंच म्हणाले आणि गँगलाही मागून यायची खूण केली.

संध्याकाळी बाईंच्या दोन खोल्यांत जागा उरली नाही. ऑइलचे डाग पडलेल्या कपड्यांत चौदा माणसं भिंतीला पाठ लावून बसली. बाई चहाचे कप मोजत होत्या आणि दर वेळी चुकत होत्या. नकली पाय दुमडत नाही, म्हणून करीमशेठना खुर्ची दिली होती. एहसान तंबोऱ्यापुढं बसला.

गाणं कसं झालं? खरं सांगायचं तर साधं झालं. आलाप छान बांधला, मध्ये एका तानेत घसरला, पुन्हा सावरला, तीव्र मध्यमावर मात्र असा थांबला, की बाईंनी डोळे मिटून घेतले. वीस मिनिटं संपली. टाळ्या झाल्या, पुढच्या मुलीनं पेटी जवळ ओढली. कुणाला अचंबा वाटावा असं त्यात काही नव्हतं. वेळेवर शिकला असता तर कदाचित झालं असतं. कदाचित तेव्हाही नसतं झालं. पण मागं येऊन बसलेल्या एहसानच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की घरून परस्पर आलेल्या रुक्सानाला तिकडं फार वेळ बघवेना.

परतताना आमिर गाडी चालवत होता, शेजारी रुक्साना, बापलेक मागं. गाडीनं चिंचवडचा पूल ओलांडला.

"एवढंच होतं?" करीमशेठनी त्या बसलेल्या घशातून विचारलं.

"हो अब्बा. एवढंच."

"मग एवढंसं होतं तर आधी का नाही मागितलंस?"

"दिलं असतं?"

करीमशेठ खिडकीबाहेर बघत राहिले. बंद शटरं, रिकामे बसस्टॉप, सुट्टीची सुस्त संध्याकाळ. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"नसतं दिलं," ते म्हणाले.

एहसान हसला. राग नव्हता त्यात. खोटं ऐकण्यापेक्षा त्याला हे बरं वाटलं होतं.

मग म्हाताऱ्यानं पुढं वाकून काठीच्या टोकानं ड्रायव्हरच्या सीटला डिवचलं. "आमिर. पुढच्या कामाला सकाळी माझ्याबरोबर यायचं. बूट चांगले घाल. उभं कुठं राहायचं, श्वास कुठून घ्यायचा, ते मी दाखवीन. भीती वाटते म्हणालास, ते चांगलं आहे. ज्याला वाटत नाही त्याला मी तिथं उभा करत नाही."

"आणि भाईजान?" आमिरनं आरशातून विचारलं.

"तो शेजारी राहील. तुला जमेपर्यंत," करीमशेठ म्हणाले. "तोंड मिटून. ते त्याला येतं."